भाजावळीची इंग्रजी पाटी

तोंडवलीतल्या आमच्या घराची मागची खोली पाहुण्यांना द्यायची असं मी ठरवलं, तेव्हा दिरांनी मला एकच मोसम दिला. "मे संपेपर्यंत बघूया, वयनी. जमला तर जमला. नायतर ती खोली काजीकच बरी." त्या खोलीत पूर्वी काजूबियांची पोती असत. दीर माणूस चांगला, पण आपलं म्हणणं खरं ठरलं की चार दिवस गावभर सांगत सुटतात.

मे उजाडला तोवर एकच कुटुंब येऊन गेलं होतं, तेही अर्ध्यावर. शेजाऱ्यांनी एका सकाळी न सांगता भाजावळ केली. ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची, तिथे पावसाआधी शेण, सुकं गवत आणि पातेरा, म्हणजे झडलेली पानं, पसरून भाजतात. तण मरतं, राख खताला होते. आम्हाला तो धूर आला की मिरग जवळ आला असं वाटतं. पाहुण्यांना घर पेटलं असं वाटलं. चौघंही अंगावरच्या टॉवेलानिशी किनाऱ्याकडे धावली आणि दुपारी गाडी काढून निघून गेली.

त्यानंतर बंगळुरूचं एक निवृत्त जोडपं आलं, सहा दिवसांसाठी. त्यांच्या चौथ्या दिवशी आमची भाजावळ होती. पुढे ढकलता येत नव्हती. आभाळ भरून येऊ लागलं होतं, आणि पातेरा एकदा भिजला की काम संपलं. हे दोघंही पळाले असते तर खोली पुन्हा काजूंची. म्हणून आदल्या दिवशीच पाटी लावायची ठरवली. इंग्रजीत, कारण त्यांना मराठी येत नव्हतं आणि माझ्या हिंदीत भाजावळीला शब्द नव्हता.

माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं. मोबाइलवरचा शब्दकोश उघडून बसले. आपल्याकडे दिवा लावतात, चूल पेटवतात, कचरा जाळतात, शेत भाजतात. भात करपतो, जीभ पोळते. एकाचं काम दुसऱ्याला देता येत नाही. 'सकाळी शेत जाळलं' असं म्हटलं तर सासूबाई विचारतील, कोणाशी भांडलीस? इंग्रजीतही तसंच असणार, हे मला सुचायला हवं होतं.

'बर्न' वाचलं आणि दवाखान्यातला वॉर्ड डोळ्यांपुढे आला. 'रोस्ट' म्हणजे भाजणे, अगदी बरोबर, पण त्याच्याआधी चिकन लावल्याशिवाय तो शब्द पुराच होत नाही. नुसतं 'फायर' लिहिलं तर पुन्हा टॉवेल आणि किनारा. 'इग्नाइट' गाडीचं वाटलं. 'टॉर्च' म्हणजेही आग लावणे, असं तिथे लिहिलेलं होतं. आम्ही टॉर्च घेऊन रात्री गोठ्यात जातो, त्याने आजवर काही पेटलेलं नाही. मग 'आर्सन' सापडला. अर्थ दिला होता: हेतुपुरस्सर आग लावणे. मला हवं होतं ते हेच. आग चुकून लागलेली नाही, आम्ही ठरवून, विचार करून लावतोय, एवढंच तर पाहुण्यांना कळायला हवं होतं. शिवाय शब्द छोटा, 'लेसन'सारखा सभ्य.

पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'डिअर गेस्ट, टुमारो सेव्हन ओक्लॉक वी विल डू आर्सन बिहाइंड युवर रूम. डोन्ट वरी. एव्हरी इयर वी डू. प्लीज क्लोज विंडो.' पाटी त्यांच्या दाराला अडकवली.

त्या संध्याकाळी दोघं फारसं जेवले नाहीत. बांगड्याचं तिखलं तसंच राहिलं. गृहस्थांनी हळूच विचारलं, "हर साल?"

"हर साल," मी म्हटलं.

"और पोलीस?"

"पोलीसपाटील तो खुद करते हैं. हमसे पहले."

त्यांनी बायकोकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना आमच्या व्यवस्थेचं कौतुक वाटलं.

सकाळी साडेसहाला अंगणात बॅगा आल्या. सासूबाई झाडू हातात धरून थांबल्या. "गो, ते खंय चलले? अजून दोन दिवस आसत मां?" दीर दगडी गडग्यापाशी उभे होते, तोंडावर ते नेहमीचं 'बघितलास?' घेऊन. हातात काडेपेटी होती ती तशीच घेऊन मी गाडीकडे धावले, तर गृहस्थांनी दोन्ही हात वर केले.

"मॅडम, किसका घर है, हमको नहीं जानना है."

"घर? घर नहीं, खेत!"

"किसका खेत?"

"हमारा!"

"अपना ही?" आता ते आणखी घाबरले.

बोलून काही होणार नव्हतं. त्यांच्या बाहीला धरून मी त्यांना मागे नेलं आणि पसरलेला पातेरा दाखवला. त्यांनी पातेऱ्याकडे बघितलं, दाराला लटकणाऱ्या पाटीकडे बघितलं, आणि गडग्यावर बसून हसत सुटले. समजावलं त्यांच्या बायकोनं: हा शब्द दुसऱ्याचं घर सूड म्हणून पेटवण्यासाठी असतो, आणि पेटवणाऱ्याला तुरुंग होतो. शब्दकोशात ते खाली दिलेलं होतं. मी खाली गेलेच नव्हते.

"वयनी, तुमी पोलीसपाटलाक पण आत घालतलास काय?" दिरांनी विचारलं. हसताना त्यांना 'बघितलास?' तोंडावर धरून ठेवता येईना.

पातेरा दवानं ओलसर झाला होता, काडी धरेना. बाईंनी दाराची पाटी ओढून आणली आणि तिचे दोन तुकडे केले. "ये एव्हिडन्स है. पहले इसको जलाओ." पुठ्ठा चांगला पेटला आणि त्यावर पातेराही. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं आग सावकाश सरकत गेली. बाई तासभर हिरवी फांदी घेऊन कडेला उभ्या होत्या आणि बाहेर उडालेली प्रत्येक ठिणगी झोडपत होत्या.

बॅगा परत आत गेल्या. ते उरलेले दोन दिवस राहिलेच, वर आणखी तीन राहिले. त्यांच्या ओळखीनं जूनपर्यंत आणखी दोन कुटुंबं आली. दिरांनी काजूची पोती शेतावरच्या मांगरात नेऊन ठेवली आणि त्याबद्दल गावात एक शब्द काढला नाही.

आता पाटीवर इंग्रजी अक्षरांत 'भाजावळ' लिहिते आणि खाली 'स्मोक, वन अवर'. पण व्हायचं ते झालंच आहे. सासूबाईंना तो शब्द फार आवडला. आभाळ भरलं की विचारतात, "गो, आरसान कधी करूचा?" पोलीसपाटलासमोर तेवढं म्हणू नका, असं त्यांना बजावून ठेवलंय.