वांगी रंगाचं गांडूळ

जावेचं मनगट धरून मी तिचा हात पाण्याने भरलेल्या टिपात दाबला तेव्हा पाणी चरचरलं, आणि आतली मरळ उसळून माझ्या तोंडावर शेपूट मारून गेली. बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत वितळलेलं प्लास्टिक जावेच्या हाताला चिकटलं होतं. जाऊ ओरडत नव्हती. डोळे उघडे, तोंड उघडं, आवाज नाही. चुलीवरची कढई कलंडलेली, भिंतीवर जांभळे शिंतोडे, मागे झोळीत माझी मुलगी किंचाळत होती. ती भाजली म्हणून किंचाळते की भुकेने, हे बघायला मला मान वळवता येत नव्हती. हातातला हात सोडला असता तर तो सासूबाईंनी धरला असता.

"वढ, वढून काढ ते!" सासूबाई म्हणाल्या. "कातडं जळून राह्यलं तिचं!"

त्यांनी पाण्यात हात घातला. मी तो झटकला. सुनेने सासूचा हात झटकावा असा तो काळ नव्हता.

"हात लावू नका, आत्याबाई. ते निघालं तर कातडंबी निघंल."

"तुले काय समजते वं? चार बुकं शिकली तर डाक्टरीन झाली काय?"

तेवढ्यात जावेचा आवाज फुटला. ती म्हणाली, "मले सोडा वं दोघीजणी. मासा चावून राह्यला."

या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. काल संध्याकाळी आमच्या घरामागे कोणीतरी कचऱ्याच्या ढिगात तुटक्या चपला जाळल्या. तो वास खिडकीतून आला. वास ओळखायला मला वेळ लागत नाही. आधी गोडसर, मग घशात अडकणारा, मग डोळ्यांत जाणारा. माझी सून म्हणाली, खिडकी लावू का? मी म्हटलं, लाव. पण आत आलेला वास खिडकी लावल्याने बाहेर जात नाही. रात्रभर तो माझ्याजवळ बसून होता. मी लिहिणारी बाई नाही, पण या वासाचं काहीतरी करायला हवं होतं, म्हणून आज बसले.

आम्ही मासे धरणारे. मोताळ्याकडच्या नळगंगेवर धरण झालं आणि आमची नदी तिच्याच पाण्यात बुडाली. आधी डोह असत. कोणत्या डोहात कोणती मासळी, कोणत्या दगडाखाली झिंगे, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असे. धरणाचं पाणी चढलं तसे ते डोह, काठची शेतं, बाभळीची बनं सगळं खाली गेलं. लोक काठावर येऊन पाणी बघत आणि केवढं पाणी म्हणत. आम्हीही बघत होतो. पण आमचं जाळं त्या पाण्यात टाकलं की बुडालेल्या बाभळीला अडकायचं आणि चिंध्या होऊन वर यायचं. दिवसभर जाळं विणायचं आणि सकाळी एका झटक्यात फाडून घ्यायचं, असं किती दिवस चालणार? बाभळीच्या बुंध्यात मरळी माजल्या होत्या. वर येऊन तोंड उघडायच्या, हवा घ्यायच्या, परत खाली. आमच्या डोळ्यांसमोर. गळ हाच उपाय होता, आणि मरळीच्या गळाला जिवंत बेडूक लागतो. उन्हाळ्यात बेडूक कुठून आणायचा?

माझा नवरा धरणावर मजुरीला जाई. तिथे पाहणीला आलेला कोणी मोठा साहेब सुटीच्या दिवशी काठावर उभा राहून गळ टाकत असे. एकदा त्याचा गळ बाभळीत अडकला, त्याने दोरी तोडली आणि निघून गेला. नवऱ्याने संध्याकाळी पोहत जाऊन तो सोडवून आणला. गळावर एक गांडूळ होतं. मऊ, लवलवणारं, पिकल्या वांग्याच्या रंगाचं, पण खरं नव्हे. सासूबाईंनी ते नखाने दाबून पाहिलं आणि फेकून दिलं. "इल्लत कायची आणली बे घरात?" नवऱ्याने ते उचलून परत गळाला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या गांडुळाला एकामागून एक मरळी लागल्या. तिसऱ्या दिवशी एका मरळीने ते गळासकट तोडून नेलं.

मग घरात वेड शिरलं. नवऱ्याच्या ध्यानात आलं होतं की त्या गांडुळाचा वास नव्या प्लास्टिकच्या चपलेसारखा आहे. तेव्हा या चपला नव्याच निघाल्या होत्या, आणि मजुरांच्या वस्तीत तुटलेल्या पडलेल्या असायच्या. त्याने त्या गोळा केल्या, कापल्या, थोडं तेल घालून जुन्या कढईत वितळवल्या. चिकणमातीचे दोन तुकडे दाबून साचा केला आणि चुलीत भाजला. गांडूळ निघालं, लवलवलंही. पण सगळ्या रंगांच्या चपला एकत्र वितळल्या की जो रंग येतो तो गढूळ पाण्याचा. गढूळ पाण्यात गढूळ गांडूळ कोणाला दिसणार? म्हणून पांढऱ्या चपला वेगळ्या काढल्या. कुंकू आणि कपड्यांची नीळ मिसळली की वांगी रंग होतो, हे जावेने सांगितलं.

जाऊ म्हणजे माझ्या थोरल्या दिराची बायको. दीर दुसऱ्या धरणाच्या कामावर गेले ते तिकडेच राहिले. आले नाहीत, निरोपही नाही. तिला मूल नव्हतं. घरात तिची जागा कोणी बोलून काढून घेतली नाही, पण जेवायला ती शेवटी बसे आणि उठायची पहिली. तिच्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक जीभ, आणि दुसरी रंगाची समज. लग्नाआधी ती मलकापुरात एका रंगाऱ्याकडे कामाला जात असे. लुगडी रंगवायच्या हंड्यांपाशी लहानाची मोठी झालेली. माझ्या नवऱ्याने कढईत कोरडं कुंकू टाकलं की त्याच्या गाठी व्हायच्या, गांडूळ ठिपक्याठिपक्यांचं निघायचं, आणि ती हसायची.

"भाऊजी, हे गांडूळ हाये का देवी निघालेलं लेकरू?"

टीप म्हणजे धरणावरचं डांबराचं पिंप, अर्धं कापून आणलेलं. तिच्यात एक जिवंत मरळ ठेवली होती. गांडूळ निघालं की दोऱ्याला बांधून मरळीपुढे नाचवायचं आणि ती वळते का ते बघायचं. ठिपक्यांच्या गांडुळाकडे ती वळत नसे. त्या दिवशी जाऊ म्हणाली, "सरका. रंग असा नसते टाकत. रंग आधी भिजवा लागते."

रंगाऱ्याकडचा हा पहिला धडा. कोरडा रंग हंड्यात टाकायचा नाही. वाटीत पाण्याने कालवायचा, गाठी मोडायच्या, मग हलक्या हाताने सोडायचा. शंभर लुगडी तिने अशी रंगवली असतील. तिने कुंकू आणि नीळ वाटीत कालवली. सुंदर रंग झाला होता, मी पाहिला. कढई चुलीवर उकळत होती. तिने वाटी कढईत ओतली.

उकळत्या हंड्यात पाणी ओतलं तर काही होत नाही. उकळत्या तेलात थेंब पडला तर काय होतं हे प्रत्येक बाईला माहीत असतं. कढईतलं ते पाणी नव्हतं आणि पाण्यासारखं दिसत होतं, एवढंच. ते उठलं. मी उठलं असंच म्हणेन, मला दुसरा शब्द सापडत नाही.

मी प्लास्टिक ओढू दिलं नाही त्याचं कारण माझ्या माहेरचं गुऱ्हाळ. काहिलीतला रस पायावर सांडलेल्या एका गड्याने तो जागीच ओढून काढला होता, आणि पायमोजा निघावा तसं कातडं निघालं होतं. ते मी पाहिलं होतं. यात शहाणपण काही नाही.

नवऱ्याने धरणावरचा ट्रक थांबवला. सासूबाई मुलीला घेऊन घरी राहिल्या. झोळीवर दोन शिंतोडे पडले होते, कापड जळलं होतं, मुलीला काही झालं नव्हतं. घाट चढून बुलढाण्याला जाईपर्यंत जावेचा हात मी ओल्या धोतरात धरून होते. प्रत्येक वळणावर ती दात आवळायची. ड्रायव्हर नाक मुरडून म्हणाला, "बाई, कायचा वास हाय वो?" ती म्हणाली, "माह्या हाताले चप्पल घातली भाऊ. पायाले भेटली नाई कधी, हाताले तरी." आणि मग तिला थंडी वाजू लागली, दात वाजू लागले, आणि ती बोलायची थांबली. जाऊ गप्प बसली की भीती वाटते हे मला त्या घाटात कळलं.

दवाखान्यात त्यांनी प्लास्टिक हळूहळू काढलं. पण ताप चढला. हात काळा-निळा फुगला. त्यात रंग किती आणि सडणं किती हे कोणालाच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, सूज उतरली नाही तर कोपरापासून काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल. नवरा बाहेर ओट्यावर बसून राहिला. मी आत. उजव्या हाताशिवाय आमच्या घरात बाई काय करील, आणि नवरा नसलेली, मूल नसलेली बाई कोणाच्या घरात काय करील, हे तिने मला विचारलं नाही. तिने एवढंच म्हटलं, "त्यायले सांग, हात तोडाचा तं मले इचारून तोडा. झोपीत नोको."

ताप उतरला. केव्हा उतरला ते मी सांगू शकत नाही. मी बसल्या बसल्या झोपले होते, आणि जागी झाले तेव्हा ती म्हणत होती की भूक लागली. हात राहिला. करंगळी आणि शेजारचं बोट एकमेकांना जुळली ती कायमची. मनगटाच्या आतल्या बाजूला कातडीखाली एक वांगी डाग राहिला. पुढे माझी मुलगी विचारायची, काकी, हे गोंदण कशाचं? ती म्हणायची, गांडुळाचं.

गावात गोष्ट अशी झाली की तिने पोरीवर आडवी होऊन पोर वाचवली. बायका तिच्या पाया पडू लागल्या. तिने त्यांना हाकललं. "मी काय जानूनबुजून बसली होती काय? चुलीजवळ जागा तेवढीच होती." मीही असंच म्हणते. पण झोळी तिच्या पाठीमागे होती, हेही खरं आहे. ती तिथे नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी माझ्या वयाच्या प्रत्येक दशकात वेगळा केला आहे.

नवऱ्याने साचे फोडायला काढले. जावेने ते फोडू दिले नाहीत. एका शनिवारी आम्ही मारुतीला गेलो. पुजारी वाटीत शेंदूर कालवत होता, तेलात. जाऊ बघत उभी राहिली आणि देवळात मोठ्याने हसली. शेंदूर पाण्यात कालवून मारुतीला कोणी लावत नाही. लहानपणापासून आम्ही सगळे ते बघत आलो होतो, सासूबाई, नवरा, मी, सगळे, आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या आठवड्यात तिने रंग तेलात कालवला, डाव्या हाताने ढवळला. मी दाराबाहेर मुलीला कडेवर घेऊन उभी होते. कढई शांत राहिली. वांगी रंग असा उतरला की साहेबाचं गांडूळ त्यापुढे फिकं. ती ते किती तरी वर्षं करत राहिली. नवरा मात्र त्या खोलीत चूल पेटली की धरणाकडे निघून जाई.

आता मोताळ्याच्या बाजारात पाकिटात रबरी बेडूक, रबरी गांडुळं मिळतात, हव्या त्या रंगाची. मी एकदा हातात घेऊन पाहिली. रंग चांगले होते. कोणाचा हात लागलेला नव्हता.

त्या दिवशी खोलीत होतो त्यातली मुलगी वाचली, सासूबाई वाचल्या, नवरा वाचला, मी वाचले, आणि जाऊ वाचली; ती पुढे म्हातारी होऊन, भांडत भांडत, अंथरुणात गेली. टिपातली मरळ तेवढी त्याच संध्याकाळी मेली.