राणी देतो, घेऊन जा

मी माझी बायको एका पोस्टकार्डावर देऊन टाकली, आणि तीही सासऱ्यांनाच.

राज्यांची फेररचना झाली तेव्हाची गोष्ट. मेहुणा वसंता बदली घेऊन नांदेडला वडिलांकडे गेला. मी हैदराबादलाच राहिलो, म्हणून सासरे आधीच रुसलेले. ("मराठी मुलखात यायला जावयाला काय धाड भरलीय?") वसंताचा आणि माझा बुद्धिबळाचा डाव मग पोस्टाने सुरू झाला. एका कार्डावर एक चाल!

राजाशेजारच्या सोंगटीला आमच्यात सगळे वजीर म्हणतात. पण मी एक इंग्रजी पुस्तक वाचलेलं, म्हणून ऐटीत 'राणी' म्हणायचो. सुरुवातीलाच राणीचा बळी देऊन डाव जिंकायची युक्ती त्यात होती. मी लिहिलं, "राणी देऊन टाकतो, घेऊन जा. तिच्यावाचून माझं अडत नाही. घोडा मात्र सोडणार नाही."

वसंता दौऱ्यावर. कार्ड वाचलं सासऱ्यांनी. आणि माझ्या बायकोचं माहेरचं नाव राणी! (लग्नात तांदळात 'सुमती' लिहिलं आणि जुनं नाव मी साफ विसरलो.) शिवाय आमचं घर मलकपेठेत, रेसच्या मैदानाजवळ. घोडा म्हटल्यावर सासऱ्यांना आणखी काय पुरावा हवा?

मिळेल त्या गाडीने ते आले आणि दारातूनच गरजले, "राणी, ट्रंक भर!"

"काय झालं, बाबा?"

"नवऱ्याने घोड्यांपायी सोडलंय तुला!"

शेजारचे खानसाब धावत आले. "क्या हुआ मियाँ? बेगम को हार गए?"

"हारा नहीं, खानसाब, खुद दिया!" (घाबरलो की माझं तोंड असंच चालतं!)

सुमतीने कार्ड वाचलं. "माझ्यावाचून अडत नाही म्हणे! स्वतःचे मोजे सापडत नाहीत तुम्हाला!"

मी आमचा डाव मांडून ठेवलेला पट आणला, सोंगट्या दाखवल्या, राणी म्हणजे वजीर हे शपथेवर सांगितलं. सासरे हळूहळू निवळले, पटासमोर मांडी घालून बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता युक्तीचं कौतुक होणार!

"राणी, ट्रंक राहू दे," ते म्हणाले. "हा माणूस लबाड नाही गं, नुसता कच्चा आहे."

"म्हणजे?" मी विचारलं.

"वजीर फुकट गेला, जावईबापू! आणि पुढच्या चालीत तो घोडाही जातोय. लग्नाआधी आम्ही नुसती पत्रिका पाहिली. तुमच्याशी एक डाव खेळून पाहायला हवा होता!"

दारात जमलेला अख्खा मोहल्ला हसला. सुमती तर डोळे पुसत हसली. मी मान खाली घालून पटाकडे पाहत राहिलो.

म्हातारा अगदी बरोबर सांगत होता. घोडा जातच होता!