स्टेजकडे पाठ

मी तो कार्यक्रम पाहिला असं कुणाला सांगत नाही, कारण मी तो पाहिलाच नाही. मी तिथे होते एवढं खरं. स्टेजपासून पंधरा पावलांवर, अडीच तास, लोखंडी कठड्याच्या आत उभी, आणि माझी पाठ स्टेजकडे होती. त्या दिवसाबद्दल लिहायचं ठरवून मी तीनदा कागद फाडला. राग आला की मला नीट वाक्यं सुचत नाहीत. तरी लिहिते.

माझा बा तारपा वाजवतो. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा. जव्हार-मोखाड्यात तारपा माहीत नाही असा माणूस नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. तारप्याचा सूर तुटत नाही. वाजवणारा नाकाने श्वास घेत राहतो आणि तोंडाने फुंकत राहतो. सूर तुटला तर नाचणाऱ्यांचा पाय अडखळतो. आणि दुसरी गोष्ट, वाजवणाऱ्याला पाठ दाखवायची नाही. तो मध्ये असतो, हात धरलेली रांग त्याच्याभोवती फिरते, तो वळेल तशी वळते, पण पाठ त्याच्याकडे कुणी करत नाही. हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही. चालायला कुणी शिकवलं ते आठवत नाही, तसंच.

बाचे आठ हंगाम वीटभट्टीवर गेले. आता त्याचा दम पुरत नाही. गेल्या दिवाळीला नाच सुरू असताना त्याचा सूर तुटला. रांग थांबली. पाड्यातली पोरं भाड्याचा स्पीकर घेऊन तयारच होती. त्यातला एक म्हणाला, "काका, हवा गेली काय? खोडाळ्याहून पंक्चरवाला बोलावू?" सगळे हसले. बासुद्धा हसला. मग त्याने घरी येऊन तारपा आढ्याला टांगला आणि आईला म्हणाला, "आता पुरे झालं." आमच्या पाड्यात तारपा वाजवणारा दुसरा कुणी नाही.

मी जव्हारला कॉलेजात शिकते, वसतिगृहात राहते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. तिथे मोबाइलवर मला त्या परदेशी बँडचा व्हिडिओ दिसला. गिटार, ड्रम, आणि पुढे एक म्हातारा गाणारा, गळ्याजवळ कातडी लोंबणारा. गाण्यातलं मला काही कळलं नाही. पण समोर माणसंच माणसं होती. सुट्टीत घरी गेले तेव्हा मी तो व्हिडिओ बाला दाखवला.

"म्हातारा आहे की गं हा," बा म्हणाला.

"तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा."

"दम टिकतो त्याचा?"

"टिकतो म्हणून तर एवढी माणसं येतात." मला खरं म्हणजे माहीत नव्हतं.

बाने पुन्हा पाहिलं. "वीटभट्टीवर नसेल गेला," तो म्हणाला.

तोच बँड डिसेंबरात नवी मुंबईच्या स्टेडियममध्ये येणार होता. तिकिटाचा विचारच नव्हता. पण जव्हारचा एक मुकादम असल्या कार्यक्रमांना गर्दी आवरायला माणसं पुरवतो, पुरुषांच्या बाजूला पुरुष, बायकांच्या बाजूला बायका. मी बाच्या मागे लागले. म्हटलं, दोघं जाऊ, कामही होईल आणि तो म्हातारा डोळ्यांनी बघशील. मला वाटत होतं, सत्तरीचा माणूस वाजवताना त्याने एकदा पाहिला की तो घरी येऊन तारपा खाली उतरवेल. माझा सगळा बेत एवढाच होता. आई म्हणाली, "जा, म्हातारा म्हाताऱ्याला बघून ये. दोघांचं लग्नच जुळवा." बा जायला तयार झाला.

स्टेडियममध्ये आम्हाला काळे टी-शर्ट दिले, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत सिक्युरिटी. बाने स्वतःचा सदरा घडी करून मुकादमाच्या गाडीतल्या पिशवीत ठेवला. सुपरवायझर पोरगेलासा होता, कानात वायर घातलेला. त्याने आम्हाला कठड्याच्या आत ओळीने उभं केलं आणि हिंदीत म्हणाला, "मुँह पब्लिक की तरफ, पीठ स्टेज की तरफ. शो खतम होने तक. जो मुड़ेगा वो बाहर."

बाने मला आमच्या बोलीत विचारलं, "वाजवणाऱ्याकडे पाठ?"

"काम आहे बा. इथं तसंच असतं."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

त्याने गर्दीकडे तोंड केलं. पण मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी त्याला वाजवणारा बघायला म्हणून आणलं होतं आणि त्याच्याकडे पाठ करून उभं केलं होतं. याचा राग मला अजून कुणावर काढता आलेला नाही. मुकादमाने आधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुरुषांची ओळ संपते तिथून बायकांची सुरू होत होती, त्यामुळे बा माझ्यापासून पाच पावलांवर होता. अंधार पडता पडता दिवे विझले, लोक ओरडले आणि मागून पहिला आवाज आला. तो कानाने ऐकू आला नाही, पाठीच्या कण्यात लागला. मी समोर बघत राहिले. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात बा वळलेला दिसला. हात जोडले नव्हते, तोंड उघडं नव्हतं, नुसता समोरासमोर उभा होता. माणूस बोलायला लागला की आपण त्याच्याकडे वळतो, तसा.

सुपरवायझरने त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. "ए चाचा." बा गर्दीकडे वळला. दोन गाण्यांनी पुन्हा वळला. सुपरवायझर कानाशी येऊन ओरडला, "बहरा है क्या? टिकट लेके आया है?" पुढच्या रांगेतल्या पोरी हसल्या. एक म्हणाली, "सो क्यूट," आणि तिने मोबाइल वर केला.

मग त्या म्हाताऱ्याने माउथ ऑर्गन तोंडाला लावला. मला दिसला नाही, पण आवाज ओळखता आला. फुंकून वाजवायचं वाद्य. बा पूर्ण वळला आणि त्याचा पाय हलायला लागला, आमच्या नाचात रांग उचलते तसा, अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे.

सुपरवायझर धावत येत होता. आणि मी ओरडले. "अडाण्यासारखं काय करतोस! तोंड इकडं कर!"

मी ते आमच्या बोलीत ओरडले नाही. शाळेतल्या मराठीत ओरडले, स्वच्छ, शब्द तोडून. 'बा' असंही म्हटलं नाही. सुपरवायझरला कळावं म्हणून, की मी बासारखी नाही, मला नियम कळतात.

बाने माझ्याकडे पाहिलं. सुपरवायझर म्हणाला, "टी-शर्ट निकाल और जा." बाने तिथेच, सगळ्यांसमोर टी-शर्ट काढला, उलटा झालेला सुलटा केला, त्याच्या हातात दिला आणि बनियनवर कठड्याच्या कडेने निघून गेला. त्याचा सदरा गाडीत होता.

मी उभी राहिले. पुढचा दीड तास मी माणसांचे चेहरे पाहिले. साठीच्या एक बाई डोळे मिटून रडत होत्या. एक बाप पोराला खांद्यावर घेऊन उड्या मारत होता. स्टेजवरचा लाल-निळा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवरून फिरत होता, तेवढाच कार्यक्रम मला दिसला. मध्येच त्या म्हाताऱ्याचा आवाज बंद पडायचा आणि हे सगळे गायला लागायचे, हजारो तोंडं माझ्या तोंडावर. मला वाटत होतं, कुणीतरी एकाने तरी विचारावं की तो माणूस कुठे गेला. कुणी का विचारेल?

सुटल्यावर बा बाहेर सापडला. रस्त्याच्या दुभाजकावर, हाताची घडी घालून, स्टेडियमच्या भिंतीकडे तोंड करून उभा. खाडीवरून गार वारा येत होता. मी त्याला सदरा दिला.

"बसायचं तरी होतंस," मी म्हणाले.

"वाजवत होते ना ते."

गाडीत मी त्याला म्हणाले, "बा, मी चुकले." तो म्हणाला, "तू कामावर होतीस." त्यात टोमणा नव्हता. तो खरंच तसं समजत होता. त्याने मला एक थोबाडीत मारली असती तर मी आज हे लिहीत बसले नसते.

दोन दिवसांनी त्या पोरीने काढलेला बाचा व्हिडिओ कॉलेजात पोचला. बनियनवर जाणारा बा नाही, त्याआधीचा, पाय हलवणारा. वर लिहिलेलं होतं की सिक्युरिटीवाले काका सगळ्यात मोठे फॅन. खाली हसरी तोंडं. वर्गातला एकजण मोठ्याने म्हणाला, "काकांनी देशी मारलीय." मी वहीत डोकं घालून बसले. मधल्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "तो माझा बा आहे. तो पीत नाही." तो म्हणाला, "अगं, मग रागावतेस काय? फेमस झाले की ते!"

त्याला काय सांगू? की बा फॅन नव्हता, त्याला एक गाणं माहीत नव्हतं? की आमच्याकडे कुणीही वाजवत असला तरी त्याच्याकडे तोंडच करतात? मी माझ्या बाकावर परत आले. असं परत येण्याचाही मला राग येतो.

भात झोडून झालं तेव्हा मी पाड्यावर गेले. नवं भात आलं की खळ्यावर नाच असतो. पोरांनी स्पीकर आणला होता, वायर जोडायचं चाललं होतं. दिवस मावळायला थोडा वेळ होता. बा घरातून तारपा घेऊन आला. त्याने नळ्यांच्या सांध्यांवरचं जुनं मेण काढून नवं लावलं होतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आई, दोन काक्या, शेजारच्या चार बायका आणि घुंगरांची काठी धरलेला म्हातारा चुलता, एवढीच रांग झाली. मी शेवटी हात धरला.

बा वाजवायला लागला. चार फेऱ्या झाल्या आणि त्याचा दम तुटला. रांगेचे पाय अडखळले. स्पीकरजवळून कुणीतरी शीळ घातली. पण बा थांबला नाही. तारपा तोंडापासून काढला, पाय आपटत पुढे चालत राहिला आणि मोकळा हात रांगेकडे करून बोटं हलवली. कुणाला काही कळेना. चुलता म्हणाला, "काय रे, भीक मागतोस काय?"

मला कळलं. मी ते दीड तास समोरून ऐकलं होतं. मी तारप्याची चाल तोंडाने म्हणायला लागले, लाजत, बेसूर. आई हसत सुटली आणि हसता हसता म्हणायला लागली. मग काक्या. चुलत्याने काठी आपटली. बाने तोपर्यंत छाती भरून श्वास घेतला आणि आमच्या आवाजात तारपा परत मिसळला.

फेरी फिरताना तो माझ्यासमोर आला तेव्हा मी विचारलं, "हे कुठं शिकलास?"

रांग गात होती तेवढ्यात त्याने तारपा क्षणभर बाजूला केला. "बाहेर. त्याचा आवाज थांबायचा, मग माणसांचा यायचा, मग परत त्याचा. मला आधी वाटलं, मशीन बिघडली."

माझा राग तेव्हाही गेला नाही, उलट वाढला. एवढं त्याला भिंतीबाहेर, बनियनवर उभं राहून मिळालं होतं. आत राहिला असता, तोंड करून उभा राहिला असता, तर आणखी काय काय घेऊन आला असता?

रांग स्पीकरजवळून गेली. पंक्चरवाला बोलावणारा तो पोरगा आमच्याकडे पाठ करून वायरीशी खटपट करत होता.

"तोंड इकडं कर," मी म्हणाले. आमच्या बोलीत.

त्याने मान वळवली. व्हिडिओ त्यानेही पाहिला असणार. "काय गं, इथं पण सिक्युरिटी?"

"हो. तोंड इकडं कर."

रांग पुढे सरकली. तो वळला की नाही ते मला माहीत नाही. ते बघायला मला मागे वळावं लागलं असतं, आणि बा वाजवत होता.