मेजर आणि हिरवे स्टिकर

आमच्या इमारतीच्या गेटवर अकरा वर्षं एकच रखवालदार आहे. सगळे त्याला मेजर म्हणतात. तो कधी सैन्यात नव्हता. इथे येण्याआधी तो एका बेकरीत भट्टीवर होता. मिशा तशा आहेत, एवढंच.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. येणाऱ्याचं नाव विचारून वहीत लिहायचं. गाडी आली तर काचेवरचा स्टिकर बघून दांडा वर करायचा. हिरवा स्टिकर घरमालकांचा, त्यांनी गाडी पुढे लावायची. लाल भाडेकरूंचा, त्यांनी मागे. ही योजना आमच्या अध्यक्षांची. तिच्यासाठी आठ बैठका झाल्या होत्या. मी सचिव आहे, कारण निवडीच्या दिवशी मी उशिरा पोहोचलो.

यंदा नियम आला, की प्रत्येक रखवालदाराकडे परवाना हवा. त्यासाठी आठवी पास, उंची, छाती, नजर आणि वीस दिवसांचं प्रशिक्षण. मेजरची उंची अर्ध्या सेंटिमीटरने निभावली. छाती फुगवताना त्याने एवढा श्वास घेतला, की मोजणाऱ्याने त्याला बसायला स्टूल दिलं. आग विझवण्यात तो पहिला आला. रंगांच्या तपासणीत मात्र घोडं अडलं.

डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि त्यातला आकडा वाचायला सांगितला. मेजर म्हणाला, ठिपके आहेत. डॉक्टरांनी दुसरं पान काढलं. मेजर म्हणाला, हेही ठिपकेच. सातव्या पानानंतर डॉक्टरांनी ‘लाल-हिरवा ओळखत नाही’ असं लिहून कागद त्याच्या हातात दिला.

हे त्याने मला गेटवर उभ्या उभ्या सांगितलं. बायकोला लग्नापासून माहीत होतं; ती त्याला टोमॅटो आणायला पाठवत नाही. पण याचा नोकरीशी काही संबंध असेल, असं दोघांच्याही मनात आलं नव्हतं. आता परवाना नाही तर महिनाअखेरीला नोकरी नाही. बावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करणार, हे तो बोलला नाही. माझ्या हातातला कागद मात्र त्याने परत घेतला आणि त्याची नीट घडी घातली.

परवान्याच्या अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ होती. जिथे रंग ओळखायची गरज नाही, तिथल्या मालकाने तसं लिहून दिलं तर परवाना मिळू शकतो. म्हणजे आम्ही लिहून द्यायचं, की आमच्या गेटवर रंगांचं काही काम नाही.

मी कमिटीची बैठक बोलावली. ती नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या घरी भरली. अध्यक्षांनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

“म्हणजे माझ्या स्टिकरांचं काय?”

मी म्हटलं, स्टिकर राहतीलच.

“राहतील, पण बिनकामाचे आहेत म्हणून सही करायची. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.”

मेजरला वर बोलावलं. तो टोपी काढून दाराशी उभा राहिला. मग अकरा वर्षं गाड्या आत कशा सोडल्यास, असं अध्यक्षांनी विचारलं.

“माणूस बघून, साहेब.”

“आणि स्टिकर?”

“तो आहे का, एवढं बघतो. असला की बरं वाटतं.”

दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं, की इतक्या वर्षांत चुकीची गाडी पुढे लागल्याची एक तरी तक्रार आली आहे का? मी तक्रारवही चाळली. एकही नव्हती. यावरूनच स्टिकरांची योजना किती चोख आहे ते कळतं, असं अध्यक्ष म्हणाले. आज स्टिकर नको म्हणता, उद्या गेट नको म्हणाल, असंही म्हणाले.

तेवढ्यात अध्यक्षांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, “आपल्या गाडीवर चार वर्षं लालच आहे की. काच बदलली तेव्हा हिरवे संपले होते, तुम्हीच चिकटवलात.”

कुणी कुणाकडे बघितलं नाही. अध्यक्ष उठून खिडकीपाशी गेले, खाली वाकून बघितलं आणि परत येऊन बसले.

“आणि तू मला रोज पुढे जाऊ देत होतास?”

“तुम्ही अध्यक्ष आहात, साहेब.”

अध्यक्षांनी पेन मागितलं.

परवाना तीन आठवड्यांनी आला. त्यावर शिक्का होता: फक्त याच गेटसाठी. मला वाटलं, आपण परवान्याच्या कचेरीत एकदा जाऊन यायला हवं होतं. उद्या एखाद्या बँकेत बरी जागा मिळाली तरी तुम्हाला जाता येणार नाही, हे मी त्याला चाचरत सांगितलं.

मेजरने थोडा विचार केला. “बरंच झालं की. तिथली माणसं पाठ होईपर्यंत माझं वय संपलं असतं.”

मग त्याने घरी फोन लावायची परवानगी मागितली. ड्युटीवर फोन करायचा नाही, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी दांड्याशी उभा राहिलो. फोनवर तो एवढंच म्हणाला, “मिळाला. आता जेवून घे.”