एक मे आणि आबांची खुर्ची

उन्हाळा लागला की आमच्याकडे शेतात राब भाजायला, म्हणजे भात पेरायची माती भाजून घ्यायला, पालापाचोळा, शेण, गवत गोळा करतात. कोणी मोजत नाही, पण बघता बघता हा मोठा ढीग होतो. एक मेच्या गोष्टींचं आमच्या घरी तसंच झालंय. दरवर्षी झेंडावंदन होतं आणि दरवर्षी ढिगात भर पडते. घरातले सगळे त्या गोष्टी मोठ्यानं सांगतात आणि खिदळतात. मला चारचौघांत बोलता येत नाही, घशात काहीतरी अडकतं. म्हणून मी लिहिते.

*

मी लहान होते तेव्हा एक मे म्हणजे गुरुजी, एक बांबू, एक झेंडा आणि सगळं गाव. पाहुणे वगैरे भानगड नव्हती. गुरुजी स्वतःच दोरी ओढायचे. मग हातावर गुळाचा खडा आणि खोबऱ्याचा तुकडा पडायचा. निकालही त्याच दिवशी.

एका वर्षी गुरुजींनी घाई केली आणि प्रभातफेरीच्या आधीच निकाल वाचला. शेजारचा बाळू नापास झाला. फेरी तर काढायलाच हवी, आणि बाळूचा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून घोषणा त्याच्याकडे. तो पुढे चालत हुंदके देत ओरडत होता, "महाराष्ट्राचा... विजय असो!" नाकातोंडातून पाणी.

ओट्यावरच्या बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. एक म्हणाली, "केवढी माया गं पोराला राज्याची! आमच्या पोरांना हाय का काय?"

तेव्हापासून आधी फेरी आणि मग निकाल. आणि तेव्हापासून बाळू माझ्या वर्गात.

*

हायस्कुलात आले आणि सगळं बदललं. लाउडस्पीकर आला, मांडव आला, पाहुणे आले. पाहुण्यांना खुर्ची लागते, आणि हातांची खुर्ची गावात एकच, आमच्या आबांची. आबा म्हणजे माझे आजोबा. पूर्वी ते भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये दूध घालायचे. तिथल्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी ही वेताची खुर्ची आबांना देऊन टाकली. आबा तिच्यावर आम्हालाही बसू देत नाहीत.

पण एक मे आला की हेडसर सकाळीच बाळूला पाठवतात. बाळू खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन निघतो आणि आबा मागून ओरडत चालतात, "राज्य आलं म्हाराष्ट्राचं, आन खुर्ची गेली माजी!"

एकदा आलेले पाहुणे अंगानं भरभक्कम होते. ते बसले आणि कड्कन आवाज झाला. आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झेंडा गेला वर, आन माजी खुर्ची गेली खाली!"

आता खुर्ची तारेनं बांधली आहे. पण तेव्हापासून आबा झेंडावंदनाला तिच्या मागे, पाठीवर हात ठेवून उभे असतात. पाहुण्यांना वाटतं, मान देतायत!

*

आमचा काका खोपोलीला कारखान्यात आहे. त्याच्यासाठी एक मे म्हणजे कामगार दिन. पूर्वी त्या दिवशीही तो सकाळी गोठा झाडायचा. युनियनमध्ये गेल्यापासून मात्र ओट्यावर पाय पसरून बसतो.

परवाच्या वर्षी आई म्हणाली, "भावजी, दोन हंडे पानी आना विहिरीचं."

काका म्हणाला, "वहिनी, आज कामगार दिन. कामाला हात लावायचा नाय. सगळ्या दुनियेत लावत नाय."

"मंग मी कोन? मालकीन?"

काकानं पाय आणखी लांब केले. आईनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पाणी मारलं आणि त्याच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसली. पाय पसरून.

दुपारी बाबा पीठ कालवत होते आणि काका धुरात डोळे चोळत चूल फुंकत होता. पिठल्याच्या गुठळ्या झाल्या. आईनं एक तोडून तोंडात टाकली आणि काकाला म्हणाली, "दरवर्साला असाच साजरा करा हो भावजी."

*

पूर्वी एक मेला बाहेरचं माणूस गावात फिरकायचं नाही. आता मुंबईची माणसं सुट्टी म्हणून गाडी काढून येतात, नदीवर स्टोव्ह पेटवतात आणि आमच्याकडे बघत जेवतात.

गेल्या वर्षी असेच काहीजण रस्त्याकडेच्या आबांच्या आंब्यावर चढले होते. एक झाडावर, बाकीचे खाली टॉवेल धरून. तेवढ्यात वळणावरून आमची प्रभातफेरी आली. शे-दीडशे पोरं, हातात काठीला लावलेले झेंडे, आणि पुढे बाळू. त्यानं आंबा बघितला, टॉवेल बघितला आणि असा काही "विजय असो!" ओरडला की झाडावरचा माणूस खालीच आला.

"भाऊ, मोर्चा कशाला? दोनच कैऱ्या काढल्या हो!" असं म्हणत त्यांनी कैऱ्यांनी भरलेला टॉवेल रस्त्यावर ठेवला आणि गाडी सुरू केली. टॉवेलसकट गेले नाहीत, हे महत्त्वाचं.

हल्ली शाळा गूळ-खोबरं देत नाही, कागदात दोन बिस्किटं देते. त्या वर्षी मात्र बिस्किटं आणि कैरी मिळाली. कैऱ्या कोणाच्या ते आबांना कोणी सांगितलं नाही. त्यांनी स्वतः दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "शाळेनं या वर्साला बरा खर्च केला!"

*

त्याच दिवशी बाळूनं एक घोटाळाही केला. झेंडावंदनाच्या ऑर्डरी द्यायचं काम त्याच्याकडे होतं. आमच्या पी.टी. सरांचा नियम असा की 'सावधान' म्हटलं की साप चावला तरी हलायचं नाही, 'विश्राम' म्हटलं की खाली बसायचं, आणि ज्यानं सावधान म्हटलं त्यानंच 'विश्राम' म्हणायचं. दुसऱ्या कोणी म्हटलेलं चालत नाही, अगदी सरांनीसुद्धा. बाळूनं राष्ट्रगीताच्या मध्येच "विश्राम!" ठोकलं. अर्धी शाळा गात होती, अर्धी खाली बसली होती.

सर चिडले. या वर्षी त्यांनी जाहीर केलं, "गरज नसताना तोंड उघडणार नाही अशी शाळेत एकच मुलगी आहे," आणि बोट माझ्याकडे केलं.

दोनच शब्द होते, पण ते गावासमोर बोलायचे होते. मी गोठ्यात जाऊन म्हशीसमोर सराव सुरू केला. "सावधान!" म्हैस शेपटीही हलवेना. "विश्राम!" तिनं शेण टाकलं.

दारातून आबा म्हणाले, "ऐकतेय गं तुजं! आता मानसांना सांग."

*

एक मे उजाडला. बाळू खुर्ची घेऊन गेला, मागोमाग आबा. पाहुणे तालुक्याचे मोठे साहेब होते आणि ते आले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

मी "सावधान" म्हणाले. बारीक आवाजात, पण म्हणाले. सगळं मैदान ताठ झालं. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. आता मी विश्राम म्हणायचं होतं.

घसा बंद! तोंड उघडत होतं, आवाज नव्हता. पोरं ताठ. हेडसर ताठ. पी.टी. सर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, पण नियम त्यांचाच, त्यामुळे तेही ताठ. मला वाटलं, आपण आता इथेच मरून जावं.

तेवढ्यात साहेब झेंड्यापासून माइकजवळ गेले. त्यांनी मैदानभर नजर फिरवली आणि म्हणाले, "वा! राष्ट्रगीत संपलं तरी एक मूल हललेलं नाही! अशी शिस्त मी उभ्या तालुक्यात पाहिली नाही!"

झालं. आता हेडसरांनाही आम्हाला बसवता येईना. शिस्तीचं कौतुक चालू असताना शिस्त मोडायची कशी?

साहेब खूश होऊन बोलत राहिले. आधी महाराष्ट्रावर, मग धरणांवर, मग स्वतःच्या लहानपणावर. हेडसरांच्या नाकावर माशी बसली होती, ते तिच्याकडे तिरळे बघत होते. बाळूच्या कानामागून घाम पाझरत होता. गावातली माणसंही, पोरं उभी आहेत म्हणून उभी. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी पुन्हा पुन्हा तोंड उघडत होते, मासोळीसारखं.

शेवटी साहेब म्हणाले, "या मुलांना अशी शिस्त लावणारी ही मुलगी कोण? ये बाळ, इकडे ये. लाजू नकोस. तुझ्या मनात जे असेल ते बोल!" आणि त्यांनी माइक माझ्या तोंडासमोर धरला.

माझ्या मनात सकाळपासून एकच गोष्ट होती. समोरचं मैदान एकदम गोठ्यासारखं दिसायला लागलं आणि घशातलं ते जे काय होतं ते सुटलं.

"विश्राम!"

लाउडस्पीकरनं ते नदीपलीकडे नेलं. धप्प! एकाच वेळी सगळी शाळा खाली बसली. हेडसर बसले, पी.टी. सर बसले, गाव बसलं. धुळीचा लोट उठला. धूळ खाली आली तेव्हा अख्ख्या मैदानात उभे असे आम्ही दोघंच होतो, मी आणि साहेब. साहेबांनी मागे वळून पाहिलं.

खुर्चीत आबा बसले होते. मांडीवर मांडी टाकून.

"बसा की पावनं," आबा म्हणाले, "पोर सांगतेय ना!"