तिन्हीसांजेचा लाल ग्लास

फोन आला तेव्हा मी दादरच्या घरी वाटाणे सोलत बसले होते. परळच्या हॉस्पिटलमधून सिस्टर बोलत होत्या. "तुमच्या आत्या आत्ताच गेल्या. शांतपणे गेल्या," एवढंच म्हणाल्या. सुलूआत्या एक्क्याऐंशीची होती, तीन आठवडे तिथंच होती, त्यामुळे धक्का बसला असं म्हणणं खोटं होईल. पण मी उठले नाही. टोपलीतले उरलेले सगळे वाटाणे सोलले, सालं केरात टाकली आणि मगच चप्पल घातली. खरं दुःख झालं की माणूस असं काहीतरी बिनकामाचं पुरं करत बसतो बहुतेक… दुपारी तिला डिलाईल रोडच्या चाळीत आणलं. शेजारच्या मालतीकाकू आत्याच्या चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रीण आणि तितक्याच वर्षांच्या भांडणवाल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अगं, कशी न्यायची? सवाष्ण म्हणून हिरवी साडी, चुडा, ओटी… की तसं नको? तूच सांग बाई, तुझ्याशिवाय आता कोण आहे?" बायका दारात ताटकळत उभ्या होत्या. आत्याच्या कपाळावर शेवटपर्यंत कुंकू होतं आणि ते असायला हवं होतं की नव्हतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

हे समजायचं तर गिरणीच्या संपापर्यंत मागं जावं लागेल. आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, कापडखात्यात होते. उंच, अबोल, आम्हा पोरांना खांद्यावर बसवून गणपती दाखवणारे. त्यांना मूलबाळ नव्हतं. संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. चाळीतली निम्मी माणसं गावी गेली होती, उरलेली मिळेल ते करत होती. आतोबा रोज सकाळी कामाच्या शोधात कॉटन ग्रीनच्या गोदामांपर्यंत चालत जायचे आणि चालतच परत यायचे. एका संध्याकाळी ते आले आणि पाटावर बसत म्हणाले, "भूक लागली हा. वाढ." तेव्हा अगदी तिन्हीसांज होती. आमच्याकडे त्या वेळेला कुणी तोंडात घास घालत नाही, झोपत नाही, उंबऱ्यात बसत नाही. आत्या म्हणाली, "दिवो लागांदे, मगे वाढतंय." आतोबा "बरां" म्हणाले. उठून गॅलरीत गेले, तिथून जिना उतरून खाली गेले… आणि परत आले नाहीत. दिवा लावून आत्यानं ताट वाढलं तेव्हा भाकरी गरम होती, असं ती सांगायची. कुणी म्हणालं भिवंडीला मागावर दिसले, कुणी म्हणालं सुरतेला. माझे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, दोन्हीकडे जाऊन आले. गावी माणूस पाठवला. शोध लागला नाही तो नाहीच.

आत्या रडली नाही, नवससायास केले नाहीत. कुलाब्याला समुद्रासमोरच्या एका इमारतीत स्वयंपाकाच्या कामाला लागली. घर एका इटालियन जोडप्याचं. साहेब कसल्याशा यंत्रांचे इंजिनियर आणि मड्डम दिवसभर एकटी. रोज साडेसहा वाजले की ही मड्डम लाल रंगाचं एक कडू पेय ग्लासात ओतायची, त्यात बर्फ, सोडा आणि संत्र्याची चकती. सोबत बशीत खारवलेली हिरवी फळं आणि भाजलेल्या पावावर टोमॅटो. आत्यानं पहिल्या दिवशी खुणांनी विचारलं, हे कशाला? मड्डमनं पोटावर हात फिरवून दाखवला. जेवणाआधी हे घेतलं की भूक उघडते. आत्या आम्हाला हे सांगताना इतकी हसायची की डोळ्यांत पाणी यायचं. "भूक उघडूक दारू! अख्ख्या डिलाईल रोडची उघडीच होती गो!" पण तिच्या मनात वेगळंच बसलं होतं. जगात एक मुलूख असा आहे, जिथं माणसं नेमकी तिन्हीसांजेलाच खायला-प्यायला बसतात, आणि त्यांच्यावर आभाळ कोसळत नाही. मग आपण कसली वाट बघत बसलो होतो त्या दिवशी?… या प्रकाराला आपेरितीवो म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आत्याच्या लेखी ते 'मड्डमचं लाल' होतं.

साहेबाची बदली झाली तेव्हा मड्डमनं अर्धी बाटली आत्याला दिली. ती संपल्यावर आत्यानं घरीच बनवायला घेतलं, आणि हे काम ती जितक्या निगुतीनं करायची तितक्या निगुतीनं तिनं लोणचंही कधी घातलं नसेल. संत्र्याच्या सालींचा आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून टाकायचा, साली सावलीत वाळवायच्या. काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणायचं, तेच, लहानपणी ताप आला की आमची नाकं दाबून पाजायचे ते. गावाहून काजूची दारू यायची, तिच्यात हे दोन्ही घालून चिनी मातीच्या बरणीत सात दिवस ठेवायचं. मग फडक्यातून गाळायचं, साखरेचा पाक घालायचा आणि रंगाला आमसुलं. असा सुंदर लाल रंग यायचा की बघत राहावं. ग्लासात खालच्या रसवाल्याकडचा बर्फ, तीन बोटं लाल, वर गोटीसोडा. बशीत पावाचे काप तव्यावर शेकून, गरम असतानाच त्यांना लसूण घासून, वर बारीक चिरलेला टोमॅटो, मीठ आणि तेल. मड्डम त्यावर तुळशीसारखं पान टाकायची. आत्या तिन्हीसांजेचा एक नियम मोडत होती, पण त्या वेळी तुळस तोडायला तिचा हात धजायचा नाही. म्हणून गॅलरीत डालड्याच्या डब्यात तिनं सब्जा लावला होता. हिरव्या फळांऐवजी मिठातली करवंदं. हा सगळा थाट ती खिडकीच्या कट्ट्यावर मांडायची आणि मगच देवापुढं दिवा लावायची. आधी वाढायचं, दिवा नंतर. चाळीत कुजबुज व्हायची, सुलूबाई घरात दारू गाळते म्हणून.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. शनिवारी मला आत्याकडे राहायला पाठवायचे. एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली होती. मांडताना काठोकाठ असलेला ग्लास तासाभरानं आत्या उचलायची तेव्हा दोन बोटं कमी असायचा. बशीतलं मात्र जसंच्या तसं. मी मनाशी म्हटलं, येताजाता आत्याच घोट मारत असणार, आणि तिला पकडायचं ठरवलं. एका शनिवारी पाढे पाठ करायचं निमित्त करून मी ग्लासासमोरच फतकल मारून बसले. समोर बंद पडलेल्या गिरणीची चिमणी दिसत होती. आत्या मोरीपाशी भांडी घासत होती, एकदाही इकडे आली नाही. मी डोळे हलवले नाहीत. सोडा फसफसायचा थांबला, बर्फ विरघळला, उजेड कमी होत गेला… मी सत्तावीसच्या पाढ्यात अडखळले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, आणि बघते तर ग्लास खाली गेला होता. कधी गेला ते मला आजही सांगता येणार नाही. मी किंचाळले वगैरे काही नाही. पण त्या रात्री आत्याच्या कुशीत शिरून झोपले आणि ती एवढंच म्हणाली, "भियां नको. आपलेच आसत."

आतोबांना जाऊन बारा वर्षं झाली आणि बाबांनी विषय काढला. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याचे अंत्यविधी उरकतात. तसं केलं नाही तर तो जीव मध्येच लटकत राहतो, असं आमच्याकडे मानतात. आत्या एक अक्षर ऐकून घ्यायला तयार नव्हती. "जित्या माणसाक जाळूचा?" एवढं विचारून ती उठून जायची. बाबा वाईट नव्हते. बहीण रोज संध्याकाळी खिडकीपाशी कुणाला तरी जेवू घालते, हे त्यांना बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी तिला न सांगता बाणगंगेला विधी करायचं ठरवलं. भटजी म्हणाले, माणसाच्या अंगावरचं एखादं वस्त्र मिळालं तर बरं. आत्याच्या पेटीला हात लावू शकेल अशी मी एकटीच होते. तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते, स्वतःला फार शहाणी समजत होते. आत्या पाणी भरायला गेली असताना मी आतोबांचा निळा सदरा काढला आणि पर्समध्ये कोंबला. दुसऱ्या दिवशी तो सदरा दर्भाच्या पुतळ्यावर घातला आणि बाबांनी अग्नी दिला. सुती कापड, लगेच पेटलं. बाबा रडले. मी नाही रडले, मला नुसती थंडी वाजत होती.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं आत्याकडे गेलो, काही घडलंच नाही असं दाखवायला. बाबांची मिशी गेलेली होती, विधीत काढावी लागते. "न्हाव्याचो हात सटकलो," बाबा म्हणाले. आत्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि चहा टाकला. मग मांडामांड, मग दिवा. तासाभरानं ती ग्लास उचलायला गेली आणि तिथंच थांबली. ग्लास काठोकाठ भरलेला होता. बराच वेळ ती तो हातात धरून उभी होती. बाबा जमिनीकडे बघत होते. "आज भूक नाय दिसता त्येंका," असं म्हणून तिनं तो मोरीत ओतला. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा ग्लास भरलेलाच पाहिला. आत्या मात्र रोज मांडत राहिली आणि कुंकू लावत राहिली. एका सदऱ्यापायी मी तिचा नवरा मारला, असं मला वाटायचं. आजही वाटतं. ते बोलायचं धाडस मला जवळजवळ तीस वर्षं झालं नाही. आठ वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हाही नाही. पुढं तर मी तिन्हीसांजेला तिकडे जाणंच टाळू लागले. दुपारी जायचे, चार वाजता निघायचे.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत मात्र मी तोंड उघडलं. भेटीची वेळ संपत आली होती. "आत्या, तुला एक सांगायचंय. बाबांनी आणि मी…"

"दर्भाचो पुतळो," ती म्हणाली. "माका म्हायत हा. पेटीतलो निळो सदरो तू नेलंस आणि दुसऱ्याच दिसाक भाऊ मिशी काढून घरात इलो. माका काय येडी समाजलात?"

मी तिचे पाय धरले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "मग इतकी वर्षं ग्लास का मांडत होतीस?" मी विचारलं.

"बंद केला असता तर भावाक कळला असता, माका समाजला ता. जीवाक लावून घेतल्यान असता त्येनी. माज्या बऱ्यासाठीच केल्यान मा?"

म्हणजे विधीनंतरचा तो सगळा थाट नवऱ्यासाठी नव्हता. आपल्याला फसवणाऱ्या भावाच्या मनाला डाग लागू नये म्हणून होता. जिभेवरचा प्रश्न निसटलाच. "आणि आधी जो दोन बोटं कमी व्हायचा, तो तूच प्यायचीस ना?"

"मी?" ती हसली. "शिरा पडो! चिराईत ता, माज्या जिभेक कधी लावलंय नाय."

"बरं, पण बाबा गेले त्यालाही आठ वर्षं झाली. त्यानंतर तरी थांबायचं होतंस." यावर तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर उजेड उतरत होता. इतक्यात वेळ संपल्याची घंटा झाली. ते आमचं शेवटचं बोलणं.

तर त्या दुपारी चाळीत मालतीकाकू उत्तराची वाट बघत होत्या आणि माझ्या डोक्यात हेच फिरत होतं. विधी झाला होता, म्हणजे शास्त्रानं आत्या विधवा. तिला स्वतःलाही ते ठाऊक होतं. मग भाऊ गेल्यावरही तिनं कुंकू का पुसलं नाही? काकू आपल्या बोलतच होत्या. "किल्ली माझ्याकडे देऊन गेली होती हो. ग्लास चुकवू नकोस म्हणाली. रोज मांडला बघ, कालसुद्धा. आणि रोज दोन बोटं कमी. मांजर शिरतं म्हणून खिडकी मी बंदच ठेवायचे, तरी. पहिल्या दिवशी मी घाबरले, तर हॉस्पिटलमध्ये मला म्हणते, भाऊ गेल्यापासून परत तसंच होतंय, त्यात काय! तुला बोलली नाही कधी?"

म्हणजे त्या सदऱ्याबरोबर आतोबा जळले नव्हते, ते परत येत होते. "हिरवी साडी काढा," मी म्हटलं. चुडा मी स्वतः भरला, कुंकू मी लावलं, ओटी काकूंनी भरली. सुलूआत्या भरल्या कपाळानं गेली.

आता खोली रिकामी केली आहे. भांडी काकूंना दिली. बरणी कुणी घेईना, म्हणून ती मी दादरला आणली आणि ओट्याखाली ठेवली. परवा घरात मी एकटीच होते. तिन्हीसांज झाली होती, दिवा लावायचा होता, काड्यापेटी हातात होती. स्वयंपाकघराच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलंय असं वाटलं. एक नाही, दोघं. मी मागं वळून पाहिलं नाही. काड्यापेटी खाली ठेवली, ताटं घेतली आणि आधी वाढलं.