विलायती बँड फुटला तेव्हा

कॉलेजात जाणाऱ्या माझ्या दिरांना विलायतेतल्या एका बँडचं वेड होतं. घाटकोपरच्या आमच्या खोलीत सदा त्यांच्याच कॅसेट वाजायच्या. शब्द मला कळत नसत, पण चाली पाठ झाल्या होत्या. एक दिवस बँड फुटल्याचं कळलं आणि भावोजी जेवेनात.

सासूबाई म्हणाल्या, "अरे, मेलंय काय कोण? आपलं गावचं भजनी मंडळ ऐन गणपतीत भांडून फुटलं, तर दोन मंडळं झाली. भजनं थांबली काय?"

"आई, तुझं आपलं काहीतरीच!"

मी सासूबाईंपुढे कधी बोलत नसे. त्या दिवशी ताट वाढलं आणि म्हणाले, "भावोजी, ते संथ गिटारवालं गाणं लावा ना. मला आवडतं."

"वहिनी, तू ऐकतेस?" ते बघतच राहिले. मग कॅसेट लावून त्यांनी हसत ताट पुढे ओढलं.